जातीवरच्या अन्यायाबद्दल बोललं की देशात फूट पडते का?

मुळीच नाही. आमच्या नाशिकचंच बघा. २ मार्च १९३०ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांनी अस्पृश्यांना बंदी असलेल्या काळाराम मंदिरात प्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. दहाच दिवसांनी गांधीजी दांडीला निघाले. तिकडे मिठासाठी कायदा मोडायची तयारी, इकडे पंचवटीत बाया-माणसं मंदिराच्या बंद दरवाजांपुढे ठाण मांडून. रामनवमीच्या रथावेळी तर त्यांच्यावर दगड आले. ही माणसं देशद्रोही होती? फूट आधीचीच होती, दाराला कडी घालणाऱ्यांनी पाडलेली. यांनी ती फक्त चव्हाट्यावर आणली. आज ‘जात काढू नका’ म्हणून राष्ट्रवाद शिकवणारे नेमकं हेच विसरतात. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. शेवटी १९३५मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं.