ठेकेदार बदलला, पास जमा झाला: विमानतळावरच्या कामगारांचे प्रश्न

21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हापासून विमानतळांवरून येणारी पत्रं वाढली आहेत. त्यातही छोट्या विमानतळांवरची जास्त. तिथे दिवसाला दोन-चार विमानं येतात, माणसं मोजकी असतात आणि बहुतेक सगळी कुठल्या ना कुठल्या एजन्सीच्या कागदावर असतात.

प्रश्न: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विमानतळावर सात वर्षं लोडर आहे. तीन एजन्सी आल्या आणि गेल्या. काम तेच, ट्रॉली तीच, सुपरवायझरही तोच. आता चौथी येतेय. जुनी म्हणते, आधी राजीनामा लिहून द्या, मग फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब). मी विमान कंपनीत कायम होऊ शकतो का?

आधी राजीनाम्याचं. तो देऊ नका. एजन्सीचं कंत्राट संपलं ही तिची अडचण आहे, तुम्ही नोकरी सोडलेली नाही. वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार भरपाई म्हणून. तुम्ही स्वतःच्या हाताने राजीनामा लिहिला की ही भरपाई गेली. राहिलेला पगार अडवून धरायचा तर प्रश्नच नाही. वेतन संहितेप्रमाणे नोकरी कुठल्याही कारणाने संपली तरी दोन कामकाजाच्या दिवसांत तो चुकता करायचा असतो.

नव्या एजन्सीकडून मात्र 'जुन्या सेवेसह बदली' असं लेखी मागा. हे होत नाही, असं कुणी सांगितलं तर मुंबईचं उदाहरण द्या. मे 2025 मध्ये सेलेबी या तुर्की ग्राउंड हँडलिंग (विमानतळावर बॅगा, प्रवासी आणि विमानं सांभाळणाऱ्या) कंपनीची सुरक्षा मंजुरी केंद्राने एका दिवसात काढून घेतली. तिथले कर्मचारी आहे त्याच अटींवर नव्या एजन्सीकडे जातील, असं विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने लगेच जाहीर केलं. विमानं उडायला हवी होती, म्हणून ते सुचलं, एवढंच.

आता कायम होण्याचं. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या सफाई कामगारांच्या खटल्यात निकाल दिला होता की, ज्या कामात कंत्राटी पद्धतीला बंदी आहे तिथले कामगार आपोआप मूळ कंपनीचे होतात. मुंबईत तेव्हा पेढे वाटले गेले असतील. पण 30 ऑगस्ट 2001 ला स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल रद्द केला. तेव्हापासून 'आपोआप' काही होत नाही. कंत्राट निव्वळ दिखाऊ आहे, हे न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध झालं तर तुम्ही कंपनीचेच कामगार ठरता.

सिद्ध कशावर होतं? रजा कोण मंजूर करतं, हजेरी कुणाच्या मस्टरवर लागते, चुकलं तर मेमो कोण देतं, यावर. तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज रात्री दुसऱ्या दिवसाची ड्युटी विमान कंपनीचा स्टेशन मॅनेजर टाकत असेल आणि एजन्सीचा माणूस फक्त पगाराच्या दिवशी उगवत असेल, तर ते मेसेज जपून ठेवा. मोबाइल बदलताना हमखास जातात.

नव्या संहितेत 'मुख्य कामा'साठी कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यातच पळवाटही आहे. सफाई, सुरक्षा, कँटीन आणि माल चढवणं-उतरवणं ही कामं मुख्य कामातून वगळली आहेत, जर आस्थापना मुळात त्याच कामासाठी उभी नसेल तर. विमान कंपनी म्हणेल, आमचं काम माणसं उडवणं, बॅगा चढवणं नव्हे. मला हा युक्तिवाद पटत नाही. बॅगा न चढवता विमान सोडून दाखवा म्हणावं. पण कोर्टात तो होणार, हे धरून चला.

प्रश्न: मराठवाड्यात चेक-इन काउंटरवर होते. आमची फ्लाइट बंद झाली. एजन्सीने विमानतळाचा प्रवेश पास जमा करून घेतला आणि सांगितलं, "घरी बसा, सुरू झाली की बोलावू." चार महिने झाले. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात गेले तर म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही.

कार्यालय बरोबर सांगतंय, फक्त पुढचा पत्ता सांगायचा विसरलं. हवाई वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते. तुमची तक्रार सहायक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे जाते. केंद्राच्या 'समाधान' पोर्टलवर घरबसल्याही करता येते.

'घरी बसा' याला कायद्यात ले-ऑफ म्हणतात. त्यासाठीची निम्म्या पगाराची भरपाई कारखाने, खाणी आणि मळे यांनाच लागू आहे, विमानतळाला नाही. एजन्सीला हे चांगलं ठाऊक असतं. पण दुसरी बाजूही आहे. 1976 मध्ये फायरस्टोन टायरच्या दिल्लीतल्या वितरण कार्यालयाच्या खटल्यात (तेही कारखाना नव्हतं) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, ले-ऑफ करण्याचा अधिकार कायद्यात किंवा करारात कुठेच नसेल, तर मालकाला पूर्ण पगार द्यावा लागतो. तेव्हा नियुक्तीपत्र काढून बघा. त्यात तसं कलम नसेल तर एजन्सीला लेखी विचारा: मला कामावर घेता, की कमी करता? घेत असाल तर चार महिन्यांचा पगार, कमी करत असाल तर नोटीस आणि भरपाई.

पास जमा केल्याची तारखेसह पोच घेतली नसेल तर आता मागा. पास परत द्यावाच लागतो, पण ती पोच म्हणजे तुम्हाला कधी थांबवलं याचा पुरावा.

फ्लाइट परत येईल का, हेही तुम्ही विचारलंय. उडान या केंद्राच्या छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या योजनेत विमान कंपनीला तोट्याची भरपाई तीन वर्षं मिळते. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून मुंबईची फ्लाइट 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाली आणि तीन वर्षं सरताच, ऑक्टोबर 2024 मध्ये बंद पडली. कोल्हापूर, जळगाव, नांदेडला येणारी ट्रूजेट फेब्रुवारी 2022 मध्ये कंपनीसकट थांबली. बोलावणं येईल या भरवशावर दुसरं काम नाकारू नका.

प्रश्न: बारा महिन्यांच्या करारावर हँडीमन आहे. ग्रॅच्युइटी मिळेल का?

ठरावीक मुदतीचा करार असेल आणि एक वर्ष पूर्ण झालं असेल तर नव्या संहितेप्रमाणे मिळेल, पाच वर्षांची अट नाही. करार अकरा महिन्यांचा करून मागितला, तर का, ते आता तुमच्या लक्षात येईल. मुदत संपून करार संपला तर ती कामगार-कपात धरत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेली 15 दिवसांची भरपाई तुम्हाला नाही.

प्रश्न: मुलगा एटीआर विमानावर को-पायलट आहे. दोन महिने पगार उशिरा होतोय. सोडायचं तर सहा महिन्यांची नोटीस, हे खरं का?

खरं आहे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) 2017 च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष. कंपनीला मात्र विमानं एका दिवसात उभी करता येतात. कंपनीने ना हरकत दिली तर मुदत कमी होते. त्याने आधी थकलेल्या पगाराची लेखी मागणी करावी, राजीनाम्याच्या पत्रात तिचा उल्लेख करावा आणि ना हरकत त्याच पत्रात मागावी.

प्रश्न: मुंबईत एका विमान कंपनीची बस अॅप्रनवर (विमानं उभी राहतात तिथे) चालवत होतो, एजन्सीमार्फत. कंपनी दिवाळखोरीत गेली. एजन्सी म्हणते, कंपनीनेच पैसे दिले नाहीत, तुम्हाला कुठून देऊ? दोन महिन्यांचा पगार बुडाला. जेट एअरवेजच्या लोकांना मिळाले म्हणतात, मग आम्हाला का नाही?

जेटची गोष्ट वेगळी. ते कंपनीचे स्वतःचे कर्मचारी होते. विमानं एप्रिल 2019 मध्ये थांबली आणि पीएफ-ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, हा आदेश अपिलीय न्यायाधिकरणाकडून ऑक्टोबर 2022 मध्ये आला. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाने कंपनी मोडीत काढायला सांगितली. अशा वेळी कामगारांचा मागच्या 24 महिन्यांचा थकलेला पगार तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरतात. कागदावर हे उत्तम आहे, हातात किती पडतं हे विमानं आणि जागा किती किमतीला जातात त्यावर.

तुम्हाला त्या रांगेत उभं राहायची गरजच नाही. तुमचा पगार द्यायची पहिली जबाबदारी एजन्सीची आहे आणि एजन्सी दिवाळखोर नाही. तिचं बिल थकलं तर तिने त्या कंपनीवर दावा लावावा. ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, अशीही तरतूद आहे, पण तुमच्या बाबतीत मुख्य मालकच बुडालाय. म्हणून अर्ज एजन्सीविरुद्ध करा, केंद्रीय कामगार आयुक्तांकडे. सोबत पगारस्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि ड्युटीचे रोस्टर जोडा.

जाता जाता यूएएन (तुमचा पीएफचा क्रमांक) टाकून पीएफचं पासबुकही बघा. पगार थकवणाऱ्या एजन्सीने पीएफ वेळेवर भरलेला असणं जरा कठीणच. तिथेही खाडे दिसले तर ती तक्रार वेगळी, पीएफ कार्यालयात करा.