नवा कॉम्प्युटर बांधू की जुनाच सुधारू?

भाऊ, आधी जुन्याचं झाकण उघड. प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय-५ असेल तर २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लागणारी वेगवान डिस्क) आणि एकूण ८ जीबी रॅम कर. सातबारा, ऑनलाइन फॉर्म, टॅली आरामात चालतं. रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी सोबत ने, डीडीआर३ प्रकारच्या रॅमच्या जागी डीडीआर४ बसतच नाही. विंडोज ११ मात्र इंटेलच्या आठव्या पिढीखाली अधिकृतपणे चालत नाही. तेच पाहिजे असेल तर जुन्यावर पैसा घालू नको, नवा बांध.

पण जुना एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) नव्यात अजिबात लावू नको! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर, त्यात व्होल्टेज वरखाली. त्यातले कपॅसिटर फुगतात आणि जाताना मदरबोर्डही नेतात. अर्थिंग आधी तपासून घे, यूपीएस नंतर. ब्लोअरनं धूळ काढताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव.