नको असलेल्या मेलांचा पूर

प्रश्न : महाद्वार रोडवर आमचं चपलांचं दुकान आहे. सकाळी मेल उघडला की कर्ज, लॉटरी, 'तुमचं खातं बंद होईल' असलाच ढीग. हे थांबणार कधी?
— एक दुकानदार, कोल्हापूर

उत्तर : थांबणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. दोन वर्षांत स्पॅमचा, म्हणजे अशा नको असलेल्या मेलांचा, प्रश्न सुटेल, असं बिल गेट्स २००४ साली म्हणाले होते. लाखभर मेल धाडायला खर्च जवळपास शून्य. एक माणूस फसला तरी वसूल. असा पहिला मेल १९७८ चा. 'डीईसी' या बड्या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी सुमारे ४०० जणांना जाहिरात पाठवली. ती कंपनी गेली, पायंडा राहिला.

मला काळजी वेगळीच वाटते. परगावच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडते आणि तुम्हाला दिसेपर्यंत त्यानं कापशी चप्पल दुसरीकडून घेतलेली असते. तो कप्पा रोज एकदा चाळाच. आणि अनोळखी मेलातलं 'अनसबस्क्राइब' (मेल बंद करा) दाबू नका. पत्ता चालू असल्याचं त्यांना कळतं.