लुईस सुआरेझ महान स्ट्रायकर की चीटर? एवढे गोल असूनही मेसी-रोनाल्डोच्या रांगेत त्याचं नाव का घेत नाहीत?

उरुग्वेच्या या स्ट्रायकरबद्दल 2010 च्या वर्ल्ड कपमधल्या घानाच्या मॅचवरून विचारत असाल तर नाही, चीटर अजिबात नाही. समोरच्या खेळाडूंना चावण्यावरून विचारत असाल तर ते वेगळं प्रकरण आहे, त्याबद्दल खाली लिहितो. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ना, की 'हाताने गोल अडवून त्याने आफ्रिकेचं स्वप्न चोरलं', ते वाचून गप्प बसवेना.

2 जुलै 2010. त्या दिवशी संध्याकाळीच ब्राझील हॉलंडकडून 2-1 हरलं होतं आणि आमच्या पेठेतली निम्मी पोरं जेवलीसुद्धा नव्हती. कोल्हापुरात वर्ल्ड कप बघितलेल्या माणसाला सांगायला नको, निम्मी गल्ली ब्राझीलची पिवळी, निम्मी अर्जेंटिनाची निळी-पांढरी, चौकात फ्लेक्सवर फ्लेक्स. रात्री बाराला उरुग्वे-घाना सुरू झाली, तालमीतल्या टीव्हीसमोर गर्दी, आणि सगळे घानाच्या बाजूने, कारण तोपर्यंत आफ्रिकेची एकही टीम सेमीफायनलला गेली नव्हती आणि सगळ्यांना वाटत होतं की आज जाणार. उरुग्वेच्या बाजूने मी एकटा, तेही त्यांच्या स्ट्रायकर फोर्लानमुळे. 1-1 झालेलं, एक्स्ट्रा टाइमचं शेवटचं मिनिट, घानाची फ्रीकिक, उरुग्वेचा गोलकीपर मुस्लेरा गोल सोडून पुढे आलेला, घानाच्या अप्पियाचा शॉट लाइनवर उभ्या सुआरेझच्या पायाला लागून परत आला, लगेच अदियाने हेडर मारला आणि सुआरेझने दोन्ही हातांनी बॉल बाहेर ढकलला. शेजारी उरुग्वेच्याच फुसिलेचा पण हात वर गेला होता, ते कोणी बोलत नाही. लाल कार्ड निघालं आणि तालमीतली सगळी मुंडकी टीव्ही सोडून माझ्याकडे वळली.

का ते सांगतो. त्याच्या काही वर्षं आधी शाहू स्टेडियमवर आमची सेमीफायनल होती, मी स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर. 0-0, वेळ संपत आलेली, पायऱ्यांवर पब्लिक उभं राहून शिट्ट्या मारतंय. त्यांना कॉर्नर मिळाला. आमचा गोली बॉलवर गेला आणि हुकला, त्यांच्या नऊ नंबरने लांबच्या पोस्टकडे हेड टाकला आणि तिथे लाइनवर मी एकटा. बॉल माझ्या डोक्याच्या वीतभर वरून चाललेला, उडी मारून पोचणार नाही हे कळत होतं. उजवा हात वर घातला आणि बॉल बारवरून बाहेर काढला. चुकून लागला वगैरे मी तेव्हाही म्हणालो नाही आणि आजही म्हणत नाही, मी लावला. रेफ्रीने शिट्टी मारली, खिशात हात घातला, तोपर्यंत मी शर्ट काढून चालायला लागलो होतो. पेनल्टी मी बाहेर गेटच्या जाळीतून बघितली. त्याच नऊ नंबरने घेतली आणि बारच्या वरून मारली. टायब्रेकरमध्ये आम्ही जिंकलो, पेठेत मिरवणूक निघाली, आमच्या सरांच्या, म्हणजे कोचच्या, गळ्यात मोठा हार पडला आणि सरांनी तो घालून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिसला सगळ्या टीमसमोर सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, 'हा खेळाडू नाही, चोर आहे.' फायनलला मी सस्पेंड होतो, पायऱ्यांवर बसून बघितली, कॉर्नरवरच्या हेडरनेच हरलो, जिथून गोल गेला तिथे एरवी मी उभा असतो. पुढच्या सीझनला यादीत माझं नाव नव्हतं. त्या नऊ नंबरवाल्याची मात्र माझ्याबद्दल कधीच तक्रार नव्हती. त्याचं उद्यमनगरात गॅरेज आहे, माझी गाडी अजून त्याच्याकडेच असते, आणि तो म्हणतो तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. ज्याचा गोल गेला तो असं म्हणतो आणि ज्यांच्या टीमचा गोल वाचला ते सर मला चोर म्हणतात, हे माझ्या आजपर्यंत डोक्यात बसलेलं नाही.

आता मुद्दा. चीटिंग म्हणजे रेफ्रीला फसवून फुकटात फायदा घेणं. सुआरेझने हात लावला तो अख्ख्या स्टेडियमसमोर, नियमात त्याची जी शिक्षा आहे ती तिथल्या तिथे पूर्ण झाली, लाल कार्ड आणि पेनल्टी. शिवाय तो सेमीफायनलला बाहेर बसला आणि उरुग्वे हॉलंडकडून 3-2 हरलं. घानाला बारा यार्डांवरून मोकळा शॉट मिळाला होता, समोर फक्त गोलकीपर, आसामोआ ज्यानने बारवर मारला. यात चोरी कुठे झाली? आणि ज्यानबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण एवढं होऊन काही मिनिटांत शूटआउटमध्ये घानाची पहिली किक त्यानेच घेतली आणि वरच्या जाळीत घातली. त्याला रडताना बघून मलाही वाईट वाटलं. पण पुढे मेन्सा आणि अदियाच्या किक मुस्लेराने अडवल्या, उरुग्वेच्या अब्रेउने मधोमध हळूच चिप मारून 4-2 केलं, त्यात सुआरेझचा काय हात?

खरी चीटिंग बघायची असेल तर 1986 ची बघा. मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल घातला, रेफ्रीला दिसलं नाही, गोल दिला गेला आणि तो आनंदाने पळत सुटला. त्याचा फोटो आमच्या सरांच्या बैठकीच्या खोलीत आहे, फ्रेम करून लावलेला. मॅराडोना मलाही देवासारखाच आहे, पण मग एकच माप लावा ना. 2009 ला फ्रान्सच्या आंरीने आयर्लंडविरुद्ध हाताने बॉल ओढून गॅलासला दिला, गोल झाला, फ्रान्स वर्ल्ड कपला गेलं, आयर्लंड घरी बसलं, आंरीला कार्डसुद्धा मिळालं नाही. त्याला जन्मभराचा चोर कोणी ठरवलं नाही. जो शिक्षा भोगून गेला तो चोर आणि ज्यांना काहीच झालं नाही ते महान, हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

2022 ला कतारच्या वर्ल्ड कपमध्ये परत उरुग्वे-घाना आली तेव्हा आदल्या दिवशी पत्रकारांनी सुआरेझला विचारलं, माफी मागणार का. तो सरळ म्हणाला नाही, पेनल्टी मी नाही हुकवली, कोणाला जखमी करून लाल कार्ड घेतलं असतं तर मागितली असती. मला तो त्या दिवशी जास्तच आवडला. उरुग्वे 2-0 जिंकलं, दोन्ही गोल दे अर्रास्काएताचे, दोन्हींत सुआरेझचा वाटा. पण तिकडे कोरियाने पोर्तुगालला शेवटच्या क्षणी हरवलं, पॉइंट सारखे, गोलफरक सारखा, कोरियाचे गोल जास्त, म्हणून उरुग्वे बाहेर. सुआरेझ बेंचवर शर्टात तोंड घालून रडत होता आणि बरेच लोक खूश होते. त्याच्यावरचे मीम मला अजून येतात.

आता स्ट्रायकर म्हणून. उरुग्वेसाठी 143 मॅच, 69 गोल, त्यांच्या देशात सगळ्यात जास्त. फोर्लानचे 36 होते, ते याने 2013 लाच मागे टाकले. लोकसंख्या पस्तीस लाखाच्या आसपास, म्हणजे पुणे जिल्हासुद्धा त्याच्या दुपटीहून मोठा, अशा देशासाठी हा 2007 ते 2024 खेळला. जन्म साल्तोचा, लहानपणीच माँटेव्हिडिओला आले, वडील घर सोडून गेले, पैशाची चणचण. पंधरा-सोळाचा असताना जिच्यावर जीव होता ती सोफिया घरच्यांबरोबर बार्सिलोनाला गेली, आणि तिच्या जवळ जायचं तर युरोपात क्लब मिळवायचा हे याने ठरवून टाकलं. 2006 ला हॉलंडच्या खोनिंगेन क्लबला गेला, मग तिथलाच आयाक्स, मग इंग्लंडचा लिव्हरपूल. सोफिया आज त्याची बायको आहे.

2013-14 चा लिव्हरपूलचा सीझन ज्याने बघितला नाही त्याने बघा. चावल्याच्या बंदीमुळे पहिल्या पाच मॅच बाहेर, तरी 33 मॅचमध्ये 31 गोल आणि त्यात एकही पेनल्टी नाही. 2015-16 ला बार्सिलोनात स्पॅनिश लीगचे 40 गोल, मेसी आणि रोनाल्डो दोघंही फॉर्मात असताना. शेवटी शेवटी ला कोरुन्याला चार आणि पुढच्याच मॅचला खिखोनला चार घातले. 2009 पासून त्या लीगच्या टॉप स्कोररचा मान त्या दोघांशिवाय कोणाला मिळालाच नव्हता. मग बार्सिलोनाने म्हातारा झाला म्हणून सोडलं, तर अ‍ॅटलेटिकोला जाऊन 21 गोल आणि लीग, शेवटच्या दिवशी वायादोलिदविरुद्ध जिंकून देणारा गोल यानेच घातला आणि मॅच संपल्यावर मैदानात बसून फोनवर रडला. माझा सगळ्यात आवडता दिवस मात्र 2014 च्या वर्ल्ड कपमधला, इंग्लंडविरुद्धचा. महिन्यापूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन, खेळेल असं कोणाला वाटत नव्हतं, दोन गोल घातले आणि गोल झाल्यावर पळत गेला कुठे तर फिजिओ वॉल्टर फेरेराकडे. ते स्वतः कॅन्सरने आजारी होते आणि याचा गुडघा उभा करत होते. सुआरेझ त्यांच्याकडे बोट दाखवत होता, मिठी मारत होता. ते पाच सेकंद बघा, मग शिव्या द्या.

मेसी-रोनाल्डोच्या रांगेत का नाही, तर एक म्हणजे त्याचे सगळ्यात चांगले सीझन मेसीच्या शेजारी खेळून झाले. दुसरं, ज्या वयात नाव व्हायचं त्या वयात बंद्या खाल्ल्या. आणि इथे मी त्याची बाजू घेणार नाही. 2010 ला बक्काल, 2013 ला इव्हानोविच, 2014 ला किएलिनी, तीन वेळा समोरच्या खेळाडूला चावलाय. त्या इंग्लंडच्या मॅचनंतर पाचच दिवसांनी तो चावला आणि चार महिने फुटबॉलमधून बाहेर. 2011 ला मँचेस्टर युनायटेडच्या एव्हराला वर्णावरून बोलला म्हणून आठ मॅचची बंदी, आणि ते मला चावण्यापेक्षा वाईट वाटतं. 2025 ला, 38 वय झालेलं असताना, फायनल हरल्यावर समोरच्या टीमच्या स्टाफवर थुंकला. याला काहीही कारण चालत नाही. त्याला यावरून वाईट माणूस म्हणा, मी वाद घालणार नाही. फक्त घानाची मॅच त्या यादीत घालू नका.

मी आता रविवारी गांधी मैदानात पोरांना शिकवतो. लाइनवर हात लावायचा का, असं पोरं विचारतात तेव्हा मी खरं तेच सांगतो. पहिल्या हाफला लावलास तर दहा जणांत टीम मरते, तेव्हा गोल खा आणि परत फेडायला बघ. शेवटचं मिनिट असेल, मागे कोणी नसेल, तर लाव, आणि लाल कार्ड निघालं की रेफ्रीशी एक शब्दही न बोलता बाहेर जा, पुढची मॅच गेली म्हणून घरी येऊन रडू नकोस. 2024 पासून नकळत लागलेल्या हाताला पेनल्टी देऊन पिवळ्यावर सोडतात, पण मुद्दाम लावलेल्याला आजही लालच आहे, म्हणजे हिशोब तोच. सर अजूनही त्यांच्या पोरांना माझं उदाहरण देतात असं कानावर येतं. खुशाल द्यावं, पण सेमीफायनलनंतर गळ्यात पडलेला तो हार त्यांनी का काढून ठेवला नाही, तेवढं पण पोरांना सांगावं.