आजीचे ‘माकडा’ आणि मैदानावरचे ‘मंकी’

न्यू जर्सीहून एका आईने लिहिले आहे. त्यांचा मुलगा चौथीत आहे. मधल्या सुट्टीत मैदानावरच्या लोखंडी दांड्यांना लोंबकळणाऱ्या वर्गमित्राला त्याने हसत हसत ‘यू मंकी’ म्हटले. वर्गमित्र आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबातला आहे. मुलाला मुख्याध्यापकांकडे नेण्यात आले, घरी फोन गेला आणि प्रसंगाची लेखी नोंदही झाली. “सासूबाई त्याला उठता-बसता ‘माकडा’ म्हणतात, आमच्यात ते लाडाचे आहे, हे शाळेला कसे पटवून द्यावे?” असा त्यांचा प्रश्न आहे.

शाळेला काही पटवून देण्याची घाई करू नये, असे मला वाटते. मुलाच्या मनात काही वाकडे नव्हते, याबद्दल मला शंका नाही, आणि बहुधा त्याच्या शिक्षकांनाही नसावी. त्यातून तो ज्या दांड्यांखाली उभा होता त्यांना तिथे ‘मंकी बार्स’ असेच म्हणतात आणि इंग्लंडमध्ये तर खोडकर पोराला ‘चीकी मंकी’ म्हणून गोंजारतात, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा गोंधळ होणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु तोच शब्द कृष्णवर्णीय मुलाला उद्देशून आला की त्याच्या मागे एक फार जुना आणि घाणेरडा इतिहास उभा राहतो. न्यूयॉर्कच्या ज्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात आपण पाहुण्यांना हौसेने नेतो, तिथे सप्टेंबर १९०६ मध्ये ओटा बेंगा नावाच्या काँगोतल्या तरुणाला माकडांच्या इमारतीत, ओरांगउटानच्या सोबतीने, लोकांना पाहण्यासाठी ठेवले होते. शहरातल्या कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी निषेध केल्यावर तो प्रकार थांबला, पण प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती थेट २०२० मध्ये. त्या वर्गमित्राच्या घरी हा इतिहास पुस्तकातून आलेला नसतो, तो आजी-आजोबांच्या तोंडून आलेला असतो.

हे सगळे अमेरिकेचे खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी वानखेडे आठवावे. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात अँड्र्यू सायमंड्स या आफ्रो-कॅरिबियन वंशाच्या खेळाडूकडे पाहून काही प्रेक्षकांनी माकडासारखे हावभाव केले आणि त्यांतल्या काहींना मैदानाबाहेर काढावे लागले. पुढे जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीत हरभजनसिंगवर सायमंड्सला ‘मंकी’ म्हटल्याचा आरोप झाला, तीन कसोटींची बंदी आली आणि अपिलात तो आरोप सिद्ध न झाल्याने ती उठली. त्या वेळी आपल्याकडे कितीतरी जण म्हणत होते की आम्ही तर हनुमंताची पूजा करतो, मग हा अपमान कसा? आपल्या पत्रातला युक्तिवाद याच जातीचा आहे. श्रद्धा खरी असली तरी ज्याला शब्द लागला त्याच्या दृष्टीने ती गैरलागू आहे.

याहून अधिक फसवा शब्द म्हणजे ‘बॉय’. आपल्याकडे ऑफिसबॉय आणि डिलिव्हरी बॉय हे चाळिशीचे असले तरी ‘बॉय’च राहतात, आणि भारतातून राहायला आलेले वडीलधारे तीच सवय घेऊन येतात. गुलामगिरीच्या काळापासून अमेरिकेत प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषाला कमी लेखण्यासाठी हा शब्द वापरला गेला आहे. अलाबामातल्या एका कोंबडी-प्रक्रिया कारखान्यातल्या दोन कामगारांच्या दाव्यात खालच्या न्यायालयाने असे धरले होते की नुसत्या ‘बॉय’ शब्दाला वंशाचे विशेषण जोडलेले नसेल तर तो भेदभावाचा पुरावा होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे मत चुकीचे ठरवले आणि सांगितले की बोलणाऱ्याचा अर्थ संदर्भ, आवाजाचा चढउतार, स्थानिक रीत आणि त्या शब्दाचा आजवरचा वापर यांवरून ठरू शकतो. मुलांना शब्द शिकवताना याहून चांगली कसोटी माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या घरांत मात्र कसोटी उलटी लावली जाते. मुलाच्या तोंडून ‘एफ’ने सुरू होणारा शब्द निसटला की घर डोक्यावर घेतले जाते, पण भारत-पाकिस्तान सामना चालू असताना बैठकीत ‘पाकी’ हा शब्द बिनदिक्कत फिरतो. ब्रिटनमध्ये हा शब्द वंशद्वेष्ट्या टोळ्यांनी दक्षिण आशियाई माणसांना मारहाण करताना वापरलेला आहे, आणि त्यांनी कोणाचे पारपत्र तपासून पाहिले नव्हते. लंडन किंवा लेस्टरच्या शाळेत आपला मुलगा हा शब्द घरच्या सवयीने उच्चारील आणि त्याच आठवड्यात दुसरा कोणी तो त्याच्यावरच फेकील, ही शक्यता मला कोणत्याही शिवीपेक्षा गंभीर वाटते.

त्या मानाने बाकीचे घोटाळे हसण्यावारी नेण्यासारखे आहेत. नव्याने आलेल्या मुलाने अमेरिकेतल्या वर्गात ‘रबर’ मागितले तर खसखस पिकते, कारण तिथे त्याचा अर्थ निरोध असा होतो, आणि खोडरबराला ‘इरेझर’ म्हणावे लागते. इमारतीची ‘बॅकसाइड’ दाखवणाऱ्या आजोबांना शेजारी हसून सोडून देतात. विवाहविषयक जाहिरातीतली ‘होमली’ मुलगी अमेरिकेत दिसायला बेताची ठरते, हे जाहिरात देण्यापूर्वी कळलेले बरे. आपले ‘बीच’ आणि ‘शीट’ हे उच्चार परक्या कानांना भलतेच ऐकू येतात, कारण मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. हे दोन शब्द मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावेत. दुकानात फोनवर बोलताना ‘फक्त’ म्हटल्याने कोणी वळून पाहिले तर मात्र पाहू द्यावे. स्वतःची भाषा इतकी आवरून बोलण्याची गरज नाही.

आता आपल्या मुलाविषयी. त्याला निषिद्ध शब्दांची यादी पाठ करायला लावू नका, कारण अशी यादी मुले लगेच वर्गात वाटतात. ओटा बेंगाची गोष्ट त्याच्या वयाला पेलेल इतकीच सांगा आणि तो शब्द त्या मुलाला का लागला, हे त्यालाच बोलू द्या. त्या मुलाच्या पालकांना आपण दोघांनी स्वतः भेटावे किंवा फोन करावा. “त्याला तसे म्हणायचे नव्हते” या वाक्याने सुरुवात केली तर ती माफी राहत नाही, सफाई होते. प्रथम दुखावल्याबद्दल क्षमा मागावी, मग त्यांनी विचारले तरच घरातल्या सवयीचा उल्लेख करावा. लेखी नोंदीवर हरकत घेण्याचा आपला हक्क आहे, पण नोंदीत मुलाचा हेतू द्वेषाचा होता असे लिहिले असेल तरच तो वापरावा.

आजींना ‘माकडा’ म्हणणे बंद करायला सांगू नये. नातवासाठी हौसेने त्या शब्दाचे इंग्रजी करू नका आणि त्याच्या मित्रांना तो लावू नका, एवढेच त्यांना सांगावे.