समुद्रफेसाची पूड कानात घातली तर कान वाहायचा थांबतो का?

नाही. माझा उजवा कान याच प्रकारात गेलाय म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

आमचं घर गुहागरचं. पावसाळा संपला की किनाऱ्यावर समुद्रफेसाचे पांढरे, हलके, होडीच्या आकाराचे तुकडे सापडायचे, एक बाजू कडक आणि दुसरी नखाने खरवडली की भुगा होणारी. आत्या ते वेचून, धुऊन, वाळवून बरणीत ठेवायची. १९८९ साली मी पाचवीत असताना पोहून पोहून माझा कान फुटला, तर हिने समुद्रफेसाची वस्त्रगाळ पूड कानात घातली आणि वरून लिंबाचे चार थेंब पिळले. कानात जे काय फसफसलं! मी बोंबलतोय आणि घरातले सगळे वाकून बघतायत, 'बघ, पू कसा उकळून बाहेर येतोय.'

पू-बिव काही उकळत नव्हता हो. ते कॅल्शियम कार्बोनेट आहे, त्यावर आंबट पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, बास. शहाबादी फरशीवर अ‍ॅसिड सांडलं की होतं तेच, मग काय फरशीला पण पू झालेला असतो का?

चार दिवसांनी कान थांबला. आत्या जिंकली. महिन्याने परत वाहायला लागला, परत पूड, परत लिंबू, असं दोन वर्षं चाललं. शेवटी बाबांनी ईएनटीकडे नेलं तेव्हा त्यांनी आतून पांढरा दगडासारखा खडा काढला, पूड आणि पू मिळून घट्ट झालेला, आणि त्यामागे पडद्याला भोक. पुढे ऑपरेशन करून पडदा बसवला पण त्या कानाने आजही कमीच ऐकू येतं. भोक पुडीने पडलं असं मी म्हणत नाही, ते आधीपासून असेल. पण कान वाहणं मधूनमधून आपोआपही थांबतं आणि श्रेय बरणीला जातं, दोन वर्षं गेली ती त्यात.

आणि गंमत म्हणजे आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. मी मित्राच्या आईला माकूल (कटलफिश हा समुद्री प्राणी) साफ करताना बघितलं होतं, पाठीतून हाच पांढरा तुकडा काढून तिने अंगणात फेकला. घरी सांगितलं तर आत्याने मलाच झापलं, 'काहीतरी बोलू नकोस, नावातच फेस आहे, समुद्राचा वाळलेला फेस तो.' फेसाला कप्पे असतात का? या तुकड्यात असतात, आणि त्या कप्प्यांतली हवा-पाणी कमीजास्त करून माकूल हा प्राणी पाण्यात वरखाली होतो.

आता वैद्य मंडळी धावून येतील म्हणून सांगतो, आयुर्वेदात समुद्रफेन आहे, लिंबाच्या रसात खलून शुद्ध करून वापरतात, मला मान्य आहे. चीनमध्ये अ‍ॅसिडिटीवर पोटात देतात, ते तर पटतंच कारण आपल्या अँटासिडच्या कित्येक गोळ्यांत हेच कॅल्शियम कार्बोनेट असतं. पण पोट वेगळं आणि पडदा फाटलेला कान वेगळा. मी डॉक्टर नाही, तुम्ही आधी कान दाखवून या, तोवर कान कोरडा ठेवा आणि तेलसुद्धा घालू नका.

मागच्या मे महिन्यात आत्याने माझ्या मुलासाठी म्हणून एक तुकडा कागदात बांधून दिला. मी तो शेजारच्यांच्या लव्हबर्डच्या पिंजऱ्यात अडकवलाय, मस्त चोच घासतात त्याच्यावर. आत्या, हे कोणी तुला वाचून दाखवलंच तर सांगतो, तो फेस नाहीये, आणि तुझ्या समाधानासाठी मासा पण नाहीये, शंख-शिंपल्यांचा भाऊबंद आहे. तरी नॉनव्हेजच.