अडवणे आणि दाबून धरणे यांतला फरक

रोबोटांच्या सामन्यात वाटेत आडवे येणे म्हणजे दाबून धरणे नव्हे, हे आधी पक्के समजून घ्या. समोरच्या रोबोटला भिंतीशी टेकवून त्याची हालचालच खुंटवली, तर पंच हात हलवून सेकंद मोजू लागतात. फर्स्ट रोबोटिक्स या शालेय संघांच्या स्पर्धेत २०२४ साली असे दाबून धरण्याची कमाल मर्यादा ५ सेकंदांची होती, २०२५ मध्ये ती ३ सेकंदांवर आली, म्हणून जुन्या हंगामाच्या आठवणीवर कधीही विसंबू नका. नवखा चालक वीतभर मागे सरकून पुन्हा धडकतो आणि मोजणी संपली असे समजतो. २०२४ च्या नियमानुसार मात्र मोजणी संपण्यासाठी दोन्ही रोबोटांत ६ फूट अंतर ३ सेकंदांहून अधिक काळ राखावे लागत असे. शंका राहिल्यास सामन्यापूर्वीच्या चालक-बैठकीत मुख्य पंचांना नेमका प्रसंग सांगून विचारा.